देवांची नावे आणि तांब्याचा पत्रा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जुन्या छापील चित्रांचे नऊ लहान तुकडे एकाच कागदावर चिकटवून जपले आहेत. त्यांत डोकी आहेत, खांदे आहेत, एखादा उचललेला हात आहे; बाकीचे सारे कोणीतरी कात्रीने कापून टाकले आहे. रोममध्ये १५२४ च्या सुमारास निघालेल्या आणि निघताच पोपच्या रोषाला बळी पडलेल्या एका चित्रमालिकेचे हे अवशेष आहेत. त्यानंतर तीनेक वर्षांत त्याच शहरात, त्याच कलावंतांच्या गोतावळ्यातून वीस चित्रांची दुसरी मालिका तयार झाली. तिच्यातही विवस्त्र स्त्रीपुरुष होते, मिठ्या होत्या, पलंग आणि पडदे होते. ही दुसरी मालिका मात्र उघडपणे विकली गेली, तिच्या नकला निघाल्या, आणि आज युरोप-अमेरिकेतील अनेक संग्रहालयांत ती पाहायला मिळते.

या दोन मालिकांच्या नशिबात एवढे अंतर का पडले, हे समजून घेतले की युरोपच्या प्रबोधनकाळातील (रेनेसाँसमधील) पौराणिक प्रेमचित्रांचा विषय बराचसा उलगडतो. पहिल्या मालिकेतील माणसे निनावी होती, दुसरीतील पात्रांना नावे होती आणि ती नावे बहुतेक देवांची होती, हे त्याचे सोपे उत्तर. ते खरेही आहे, पण ‘देवाच्या नावावर काहीही खपते’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण नाव दिल्यामुळे चित्रही बदलत होते. त्यात काय दाखवायचे, काय झाकायचे आणि पाहणाऱ्याने कोणत्या खुणा ओळखायच्या, हे सारे त्या नावाबरोबर ठरत असे.

आधी ही चित्रे तयार कशी होत ते पाहू. एनग्रेव्हिंग म्हणजे घासून आरशासारख्या केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर पोलादी हत्याराने रेघा कोरून काढलेले चित्र. या हत्याराला ब्युरिन म्हणतात. त्याची गोल लाकडी मूठ तळहातात बसते. पेन्सिल आपण बोटांनी ओढतो. ब्युरिन तळहाताच्या जोराने पुढे रेटायचा असतो. वळणदार रेघ हवी असेल तेव्हा हात फारसा वळत नाही, पत्रा वळतो. वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर पत्रा ठेवलेला असतो, उजवा हात रेटत राहतो आणि डावा हात पत्रा सावकाश फिरवत राहतो. हत्याराच्या टोकापुढून तांब्याची बारीक कुरळी तार निघते, आणि खाचेच्या काठावर उभी राहिलेली कूस नंतर खरवडून काढावी लागते. मग संपूर्ण पत्र्यावर दाट शाई चोपडतात आणि कापडाने, शेवटी तळहाताने, ती पुसून घेतात. वरचा भाग स्वच्छ होतो आणि शाई फक्त खाचांमध्ये उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढला की कागद खाचांत शिरतो आणि शाई उचलून घेतो. लाकडी ठशात उंच राहिलेला भाग छापला जातो. येथे खोल गेलेला भाग छापला जातो.

कागदावर चित्र उलटे उमटते, म्हणजे उजव्याचे डावे होते. मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली, तेव्हा कोरणाऱ्या कारागिराला देवनागरी अक्षरे काना-मात्रेसह उलटी कोरावी लागली असणार, हे लक्षात घेतले तर या कामाला किती धीर लागतो याची कल्पना येईल. इटलीतही हे काम करणारे बरेचसे लोक मूळचे सोनारकामातले होते.

या पद्धतीत राखाडी रंग नसतो, मऊ छटा नसते. असते ती फक्त काळी रेघ आणि कागदाचा पांढरा. तरुण स्त्रीची त्वचा, घोड्याची पाठ, गादीची सुरकुती, ढग हे सारे रेघांच्या जाळीतूनच उभे करावे लागते. रेघा शरीराच्या गोलाईबरोबर वळवायच्या, सावलीत त्यांवर आडव्या रेघा मारायच्या, उजेडाकडे जाताना त्या बारीक करत ठिपक्यांत विरघळवायच्या, ही रीत बोलोन्याकडून आलेल्या मार्कान्तोनियो राइमोंदी या कारागिराने रोममध्ये पक्की केली आणि पुढील पिढ्यांनी ती गिरवली. तिचा एक परिणाम असा झाला की अंगे कातडीपेक्षा संगमरवराची वाटू लागली. प्राचीन रोमन शवपेट्यांवरील शिल्पे हीच या कलावंतांची पाठशाळा होती, त्यामुळे हा परिणाम त्यांना हवाच होता. अशा चित्रातील नग्नतेला आपोआप प्राचीनतेचे वजन येई, आणि ते वजन पुढे फार उपयोगी पडले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एका छापामागे तीन जण असत: चित्राची कल्पना रेखाटणारा, ती तांब्यावर कोरणारा, आणि पत्र्यात पैसा घालून छाप विकणारा प्रकाशक. जुन्या छापांच्या कोपऱ्यात ‘इन्व्हेनिट’, ‘स्कल्प्सिट’ आणि ‘एक्सकुडिट’ या लॅटिन शब्दांची संक्षिप्त रूपे दिसतात, ती अनुक्रमे या तिघांची ओळख सांगतात. मार्कान्तोनियोच्या ‘पॅरिसचा निवाडा’ या प्रसिद्ध छापावर कल्पना उर्बिनोच्या राफाएल या चित्रकाराची असल्याचे कोरलेले आहे, आणि शेजारी कोरणाऱ्याची आद्याक्षरे आहेत. राफाएल १५२० साली वारला. त्याच्या छापांचा व्यवहार बाव्हिएरा नावाचा त्याचा माणूस पाहत असे, आणि धन्याच्या मागे पत्रे त्याच्याच हाती राहिले. पत्रा ही या धंद्यातील खरी मालमत्ता होती. एकदा कोरला की त्यावरून शेकड्यांनी छाप निघत, आणि झिजू लागला की रेघा पुन्हा खोल करून घेता येत.

कथा बहुतेक ओव्हिडच्या. या रोमन कवीने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभी ‘मेटामॉर्फोसेस’ हे रूपांतरांच्या कथांचे दीर्घकाव्य लिहिले. त्यात देव प्रेमात किंवा वासनेत सापडून बैल, हंस, घोडा, सोन्याचा पाऊस अशी रूपे घेतात, आणि ज्यांच्यामागे ते लागतात त्या तरुणींची झाडे, वेत, गायी होतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये या काव्याचा इटालियन गद्यावतार लाकडी ठशांच्या चित्रांसह छापला गेला, तेव्हापासून लॅटिन न येणाऱ्या वाचकालाही या कथा घरबसल्या मिळू लागल्या. मार्कान्तोनियोने साल घातलेला पहिला छाप १५०५ चा आहे, आणि त्याचा विषय ओव्हिडमधील पिरॅमस आणि थिस्बी या दुर्दैवी प्रेमिकांचा आहे. म्हणजे या कारागिराच्या कामगिरीचा आरंभच एका पौराणिक प्रेमकथेने झाला. पण त्याला तुरुंग दाखवला तो ज्या चित्रांनी, त्यांत पुराण नव्हते.

राफाएलचा पट्टशिष्य जूलिओ रोमानो याने स्त्रीपुरुषांच्या समागमाची आसने दाखवणारी रेखाटने केली आणि मार्कान्तोनियोने ती तांब्यावर कोरली. ही मालिका ‘इ मोदी’, म्हणजे ‘रीती’, या नावाने ओळखली जाते. ती सोळा चित्रांची होती असे आज मानले जाते. कलावंतांची चरित्रे लिहिणारा वासारी मात्र वीस म्हणतो. या चित्रांत कसलाही आडपडदा नव्हता. त्यांत गरुड नव्हता, त्रिशूळ नव्हता, पंख असलेले बाळ नव्हते. पलंगावरच्या माणसांना ‘ही प्रेमदेवता व्हीनस, हा युद्धदेव मार्स’ असे म्हणायला काही आधारच नव्हता. पोप सातवा क्लेमेंट संतापला, त्याचा विश्वासू अधिकारी जिबेर्ती याने कारवाई केली आणि मार्कान्तोनियो तुरुंगात गेला. जूलिओ तोपर्यंत मान्तुआच्या राजदरबारी नोकरीला निघून गेला होता. वासारीच्या मते कार्डिनल मेदिची आणि शिल्पकार बान्दिनेल्ली यांनी मार्कान्तोनियोची सुटका करवली. लेखक पिएत्रो आरेतिनो ते श्रेय स्वतःकडे घेतो. त्याच आरेतिनोने पुढे या चित्रांवर एकेक सुनीत रचले आणि वाद आणखी पेटवला. ज्या गोष्टीने आपण सारे जन्माला येतो ती डोळ्यांनी पाहायला लाज कसली, असा त्याच्या समर्थनाचा रोख होता.

येथे एक प्रश्न पडतो. चित्रांची कल्पना जूलिओची, मग शिक्षा कोरणाऱ्याला का? तो शहरात सापडला आणि दुसरा सापडला नाही, हे एक साधे कारण आहेच. मला मात्र त्यामागे पत्र्याचा स्वभावही दिसतो. एक रेखाटन एका खोलीत राहते, चार मित्र ते पाहतात आणि ते पेटीत जाते. पत्रा मात्र तेच चित्र अनोळखी माणसांच्या हाती पोहोचवतो. याचा पुरावा खुद्द जूलिओच्या पुढील कामात आहे. मान्तुआच्या ‘पालाझ्झो ते’ या राजवाड्यामध्ये १५२६ ते १५२८ या काळात त्याने प्रेमदेव क्यूपिडची प्रिया साइकी हिच्या कथेचे दालन रंगवले. तेथील एका भिंतीवर देवांचा राजा ज्युपिटर सर्पाच्या रूपात अलेक्झांडरची आई ऑलिम्पियस हिच्याजवळ आलेला आहे, आणि त्या दृश्यात झाकून ठेवलेले असे फारसे काही नाही. त्यावरून कोणी कोणाला कोंडले नाही. ती भिंत मान्तुआच्या राज्यकर्त्याच्या पाहुण्यांसाठी होती, आणि त्या दृश्यातील प्रेमिक देव होता. या दोन्ही सवलती ‘इ मोदी’ला नव्हत्या.

भिंतीची सवलत छापाला कधीच मिळणार नव्हती, कारण पसरणे हाच छापाचा धर्म. देवाची सवलत तेवढी मिळवता येत होती, आणि बाव्हिएराने नेमके तेच केले.

‘देवांची प्रेमे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकेची कहाणी वासारीने सांगितली आहे. कोरण्याचे काम जान याकोपो काराल्यो या तरुण कारागिराकडे होते. रेखाटने रोस्सो फिओरेन्तिनो याने सुरू केली, पण दोन चित्रे होताच त्याचे आणि बाव्हिएराचे बिनसले. तेवढ्यात मे १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या सैन्याने रोम लुटले. मार्कान्तोनियोचे सर्वस्व गेले. शिपायांना खंडणी देऊन तो जवळपास भिकेला लागला आणि रोम सोडून निघून गेला. रोस्सोला पकडून त्याचे हाल केले गेले. राफाएलचा दुसरा शिष्य पेरीनो देल व्हागा हाही खंडणी भरून कंगाल झाला. बाव्हिएराचे त्या मानाने फार नुकसान झाले नव्हते, आणि हाताला काम मिळावे म्हणून त्याने पेरीनोला उरलेली रेखाटने करायला दिली, असे वासारी म्हणतो. उद्ध्वस्त शहरात, खिसा रिकामा असलेल्या चित्रकाराने देवांच्या शृंगाराची रेखाटने करत बसावे, हा इतिहासातला विचित्रच योग म्हणायचा.

आता हे छाप वाचायचे कसे ते पाहू. आपल्याकडे शंख-चक्र दिसले की विष्णू आणि मोर दिसला की कार्तिकेय, हे जसे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते, तसेच त्या काळच्या सुशिक्षित ग्राहकाला गरुडावरून ज्युपिटर, त्रिशूळावरून नेपच्यून, पंखांच्या टोपीवरून आणि सापांच्या काठीवरून मर्क्युरी ओळखता येई. चित्राखाली इटालियन कवितेच्या ओळी कोरलेल्या असत, त्यामुळे ज्याला खुणा कळल्या नाहीत त्यालाही प्रसंग समजे. या ओळी म्हणजे एक प्रकारचा दाखलाच होता: हे चित्र कोणत्याही शेजघरातले नाही, अमुक कथेतले आहे, याची लेखी हमी.

समागम दाखवायचा नाही, पण कळवायचा, यासाठी चित्रकारांनी एक सांकेतिक भाषा तयार केली होती. कला-इतिहासकार लिओ स्टाइनबर्ग यांनी तिच्यातील एका खुणेकडे १९६० च्या दशकात लक्ष वेधले. बसलेल्या जोडीपैकी एकाचा पाय दुसऱ्याच्या मांडीवरून टाकलेला असेल, तर सोळाव्या शतकातील प्रेक्षक त्यावरून त्या दोघांचे नाते ओळखत असे. पायाची ही खूण इतकी निरुपद्रवी दिसते की आजचा पाहणारा तिच्यावरून सरळ पुढे जातो. एकदा लक्षात आली की मात्र जिथे तिथे दिसू लागते. मांडीवरून टाकलेला पाय, हनुवटीला लावलेले बोट, बाजूला सारलेला पडदा आणि कोपऱ्यात सूचक हसणारा क्यूपिड एवढ्या सामग्रीवर पेरीनोने बहुतेक काम भागवले आहे.

रोस्सोच्या दोन चित्रांचा बाज वेगळा आहे. एकात पाताळाचा राजा प्लूटो प्रोसर्पिनाला उचलून नेत आहे. दुसऱ्यात सॅटर्नने घोड्याचे रूप घेतले आहे आणि अप्सरा फिलिरा त्याच्याशी बिलगली आहे. हा दुसरा छाप जरा थांबून पाहण्यासारखा आहे. बायकोला सुगावा लागू नये म्हणून सॅटर्न घोडा झाला, आणि त्या संबंधातून अर्धा माणूस, अर्धा घोडा असा ज्ञानी कायरॉन जन्मला, अशी कथा आहे. कथा माहीत नसेल तर हे चित्र किळसवाणे वाटावे. माहीत असेल तर तो एका महान गुरूच्या जन्माचा प्रसंग ठरतो. कागद तोच, रेघा त्याच. फरक फक्त पाहणाऱ्याला ठाऊक असलेल्या कथेचा. त्यातही घोड्याचे तोंड आणि स्त्रीचा चेहरा यांच्यात जी कोवळीक कोरणाऱ्याने आणली आहे, तिने पाहणारा आणखीच गोंधळतो. रोस्सोला हा गोंधळ हवा होता, असे मला वाटते. पेरीनोची चित्रे अधिक देखणी आणि अधिक आज्ञाधारक आहेत, आणि म्हणूनच ती तेवढी लक्षात राहत नाहीत.

सॅटर्नचा हा घोडा ओव्हिडच्या सहाव्या सर्गात जेथे येतो, ती जागा या मालिकेला चांगलीच लागू पडते. अरॅक्नी नावाची विणकर मुलगी देवी मिनर्व्हाशी विणकामाची पैज लावते. देवी आपल्या वस्त्रावर देवांचा दरबार आणि उद्धट माणसांना मिळालेल्या शिक्षा विणते. अरॅक्नी मात्र देवांनी रूपे पालटून स्त्रियांना कसे फसवले त्याचे वीसेक प्रसंग एकापुढे एक विणत जाते: बैल होऊन युरोपाला, हंस होऊन लीडाला, सटायर, म्हणजे अर्धा माणूस, अर्धा बोकड असा वनदेव, होऊन अँटिओपीला, आणि शेवटी सॅटर्नचा घोडा. कामात खोट काढायला जागा उरत नाही, तेव्हा संतापलेली देवी ते वस्त्रच फाडून टाकते आणि मुलीला जाळे विणणारा कोळी बनवते. त्या वस्त्राला ओव्हिडने दिलेले नाव आहे ‘स्वर्गातील गुन्हे’. म्हणजे देवांच्या प्रेमांची जी पहिली चित्रमालिका साहित्यात आहे ती एका स्त्रीने आरोपपत्र म्हणून विणली होती, आणि सत्तेने ती नष्ट केली. दीड हजार वर्षांनी रोममध्ये तेच प्रसंग तांब्यावर कोरले गेले तेव्हा ‘गुन्हे’ हा शब्द गळाला आणि ‘प्रेमे’ हा शब्द आला.

हा बदल डोळ्याआड करू नये. या मालिकेत व्हर्टम्नस आणि पोमोना यांच्यासारखी, अखेरीस दोघांच्या राजीखुशीने जुळलेली जोडी आहे. अपोलो आणि ह्यासिंथ हे पुरुषांमधील प्रेमही आहे. पण डॅफ्नी अपोलोपासून जीव तोडून पळाली होती, अँटिओपी झोपेत होती आणि प्रोसर्पिनाला उचलून नेले होते. आज आपण याला ज्या शब्दाने ओळखू तो शब्द ओव्हिडला ठाऊक होता आणि त्याने तो टाळलाही नाही. छापांच्या ग्राहकाला मात्र सौंदर्य हवे होते, आणि काराल्योच्या वळणदार रेघांनी प्रतिकारालाही नृत्याची डौलदार मुद्रा देऊन टाकली. या चित्रांचे कौशल्य मान्य करूनही हा त्यांचा दोष मी कमी लेखणार नाही.

रोमच्या लुटीनंतर ही मंडळी चहूकडे पांगली. पेरीनो जेनोवाला गेला, रोस्सो फ्रान्सच्या राजाकडे फोन्तेन्ब्लोला पोहोचला, काराल्यो व्हेनिसमार्गे पोलंडच्या दरबारी जाऊन रत्नांवर कोरीव काम करू लागला, तेथे त्याला सरदारकी मिळाली आणि १५६५ साली तो क्राकूवमध्येच वारला. माणसांबरोबर शैली फिरली, आणि छाप तर त्यांच्याही आधी पोहोचले होते.

देवांच्या नावाचे संरक्षण मात्र कायमचे नव्हते. एनिआ व्हिको या कारागिराने १५४३ साली पार्मिजानिनो या चित्रकाराच्या रेखाटनावरून व्हीनस आणि मार्स यांचा छाप काढला. त्यात व्हीनसचा नवरा व्हल्कन आपल्या भट्टीवर काम करत आहे आणि पलंगावर त्याची बायको मार्सच्या मिठीत आहे. नावे होती, ओव्हिडचा आधार होता, तरीही पलंगावरचे दृश्य नंतर पत्र्यावरून पुसून बदलण्यात आले. तांब्यावरची रेघ पुसता येते: खाच खरवडायची, घोटायची, पत्रा मागून ठोकून पृष्ठभाग सपाट करायचा आणि नवे कोरायचे. म्हणूनच जाणकार एकाच पत्र्याच्या निरनिराळ्या अवस्था क्रमाने मोजतात. कोणत्या काळात काय खपत होते आणि काय खुपत होते, याची ती नोंदवहीच असते. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये धर्मचित्रांतील कामुकता वर्ज्य करण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर इटलीतील हवा आणखी कडक झाली. तरीही १५९० च्या दशकात आगोस्तिनो कार्राच्ची याने ‘लाशिव्हिए’ म्हणून ओळखले जाणारे लहान छाप काढलेच. त्यांतील एकात सटायर गवंड्यासारखा ओळंबा घेऊन झोपलेल्या अप्सरेवर मापे धरतो आहे. हा विनोद उच्च दर्जाचा नाही, पण कोरणाऱ्याचा हात अव्वल आहे.

उत्तरेकडे, नेदरलँड्समधील हार्लेम शहरात, हा प्रकार वेगळ्याच थाटात फुलला. लहानपणी आगीत पडून हेन्ड्रिक गोल्त्सिउसचा उजवा हात आखडला होता, पण त्याच हाताने त्याने युरोपातील सर्वांत लवचीक रेघ कोरली. ब्युरिन रेटताना तो जोर हळूहळू वाढवी आणि कमी करी, त्यामुळे रेघ केसाएवढी सुरू होऊन मध्यावर फुगते आणि पुन्हा केसाएवढी होते. जवळून ती नुसती जाळी दिसते आणि हातभर लांबून पोटाचा गोलवा होते. प्राग दरबारचा चित्रकार स्प्रांगर याच्या रेखाटनावरून त्याने १५८७ साली क्यूपिड आणि साइकी यांचा विवाहसोहळा तीन पत्र्यांवर कोरला. ढगांवर देवांची एवढी गर्दी आहे की वधूवर शोधावे लागतात, जसे आपल्या लग्नातल्या जुन्या गटछायाचित्रात शोधावे लागतात.

त्याआधी १५८५ साली त्याने मार्स आणि व्हीनस यांचा प्रसंग स्वतःच्या कल्पनेने कोरला होता. सूर्य सगळे पाहतो आणि व्हल्कनला सांगतो. व्हल्कन कोळ्याच्या जाळ्याहून बारीक अशी धातूची जाळी घडवतो, त्या दोघांना पलंगावर पकडतो, दारे उघडतो आणि देवांना बोलावतो. देव हसतात, आणि त्यांच्यातला एक म्हणतो की अशी फजिती माझी झाली तरी चालेल. गोल्त्सिउसच्या छापात वर ढगांत हे देव दाटीने जमले आहेत आणि खाली डोकावत आहेत. छाप हातात घेतलेला ग्राहकही नेमके तेच करत असतो. फुकट तमाशा पाहणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे आहोत हे चित्रच आपल्याला दाखवते, आणि तरी नजर हटत नाही. ‘इ मोदी’मध्ये असा आरसा नव्हता, तेथे पाहणारा एकटा होता.

राहता राहिले ते कात्रीने कापलेले तुकडे. बंदी आली तरी मार्कान्तोनियोचे छाप कारागिरांच्या हाती पोहोचले होते. उर्बिनोमध्ये मायोलिका, म्हणजे रंगीत झिलईची मातीची भांडी, रंगवणारा फ्रान्चेस्को झान्तो आव्हेल्ली हा छापांतील सुट्या आकृती उचलून नव्या प्रसंगात बसवण्यात तरबेज होता, आणि ‘इ मोदी’तील आकृतीही त्याच्या १५३० च्या दशकातील थाळ्यांवर वारंवार दिसतात. पलंगावरच्या स्त्रीला तो तिच्या जोडीदारापासून वेगळी करी, तिचा हात तसाच ठेवी, मान तशीच ठेवी, आणि तिला नदीकाठी किंवा झाडाखाली बसवी. मग थाळी उलटी करून मागच्या बाजूला कथेचे नाव लिही, पुष्कळदा ती कोणत्या ग्रंथातली तेही नमूद करी, आणि खाली साल घालून सही करी.